परदेशस्थांच्या कथा-कादंबऱ्यांतून व्हिसा, करार आणि पैसा गायब का असतो?

सांजवात (धागाकर्ती)

परदेशी गेलेल्या भारतीयांवरच्या कथा ओळीने वाचल्या की एक उणीव जाणवत राहते. पहिला बर्फ असतो, फोडणीचा वास असतो, इंग्रजीत उलट उत्तर देणारी मुलं असतात, गावाकडे थकलेले आईवडील असतात. पण तो माणूस तिथे कोणत्या परवान्यावर राहतोय, तिकिटाचे पैसे कोणाकडून उसने घेतले, नोकरी गेली तर किती दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल, बायकोला पगारी काम करता येतं की नाही, याचा पत्ता शेवटच्या पानापर्यंत लागत नाही.

स्थलांतरिताचं आयुष्य मुख्यतः याच गोष्टी घडवतात असं माझं ठाम मत आहे. त्या वगळल्या की नुसता गहिवर उरतो, आणि तो कुठल्याही देशाला, कुठल्याही दशकाला चालतो.

तर विचारायचं असं: हे नेमकेपणाने कोणत्या लेखनात आलंय? आणि दिवाळी अंकासाठी अशी कथा लिहायला घेणाऱ्याने कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात?

टाकदौत

+१. मराठी कथेतला नायक 'अमेरिकेला जातो'. कसा जातो, ते संपादकही विचारत नाहीत.

बखर

सांजवात, अमेरिकेत राहून बंगाली स्थलांतरितांवर लिहिणाऱ्या झुंपा लाहिरींना तरी यातून वगळा. 'द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट' या कथेचा निवेदक १९६४ मध्ये इटालियन मालवाहू बोटीने इंग्लंडला निघतो तेव्हा त्याच्याकडे दहा डॉलरच्या आसपास रक्कम असते. ते दारिद्र्याचं वर्णन नाही. परकीय चलनावर तेव्हा इतकी बंधनं होती की खात्यात रुपये असले तरी बाहेर नेण्यासाठी हातावर फार तर आठ-दहा डॉलर टेकवले जात. पुढे १९६९ मध्ये तो बोस्टनला जातो ते 'सहाव्या प्राधान्याच्या' ग्रीनकार्डावर, आणि लेखिका हे स्पष्ट लिहिते. १९६५ च्या अमेरिकन कायद्यात तिसरं प्राधान्य पदवीधर व्यावसायिकांना होतं, सहावं अशा कामगारांना ज्यांची तिथे टंचाई होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला कर्मचारी सहाव्यात बसतो. दोन शब्दांत माणसाची पायरी कळते.

त्यांच्याच 'द नेमसेक' या कादंबरीचं कथानक तर जन्मदाखल्यावरच उभं आहे. नाव ठरवणारं पणजीचं पत्र कलकत्त्याहून पोचत नाही, दाखल्याशिवाय बाळाला घरी सोडणार नाही असं इस्पितळ म्हणतं, म्हणून तात्पुरतं नाव कायमचं चिकटतं. अठरा वर्षांचा झाल्यावर तो कोर्टात जाऊन ते बदलतो. कागद काढून घेतला तर कादंबरीच उरत नाही.

पानगळ

मला धाग्याचा रोखच पटत नाही. कादंबरी म्हणजे वकिलाची फाईल नव्हे. वाचक एकटेपण वाचायला येतो, फॉर्मचे क्रमांक वाचायला नाही. गौरी देशपांड्यांच्या नायिका परदेशात वावरतात तेव्हा त्यांच्या पासपोर्टावरचा शिक्का कोणता, हे कोणी विचारलं नाही, आणि त्या लेखनाचं त्यात काही बिघडलंही नाही.

सांजवात

पानगळ, गौरीबाईंच्या नायिकांचा प्रश्न स्वातंत्र्याचा आहे, तो त्यांना कुठेही पडला असता. ज्या कथेचा विषयच स्थलांतर आहे तिच्याबद्दल मी बोलतेय. तिथे एकटेपण कशातून येतं हे दाखवायला नको का?

खडूफळा

पानगळ यांच्या मुद्द्याला उदाहरणानेच उत्तर देतो. अमेरिकेवरच्या कथांतला नेहमीचा प्रसंग: रात्री फोन येतो, वडील गेले, नायक पहाटेचं विमान पकडतो. आता खरी अडचण पाहा.

एच-१बीवर, म्हणजे अमेरिकन कंपनीच्या नोकरीच्या व्हिसावर, राहणाऱ्याकडे दोन वेगळे कागद असतात. अमेरिकेत किती दिवस राहता येईल ते आय-९४ ठरवतं. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा फक्त दारातून आत येण्यासाठी असतो. कंपनीने मुदतवाढ घेतली की नवा आय-९४ घरपोच मिळतो, पण पासपोर्टातला शिक्का जुनाच राहतो आणि संपून जातो. देशात राहायला काही अडत नाही. बाहेर पडलं की मात्र परतीसाठी मुंबईच्या वकिलातीत नव्याने स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टात नवा व्हिसा चिकटवून घ्यायचा. तारीख मिळायला काही वेळा महिने जातात, आणि मुलाखतीनंतर २२१(जी)ची, म्हणजे 'तपासणी बाकी आहे' अशी, चिठ्ठी हातात आली तर ती संपेपर्यंत व्हिसा अडकून राहतो. तिकडे नोकरी, घराचा हप्ता, मुलांची शाळा.

म्हणजे फोन आल्यावर तो माणूस सर्वांत आधी पासपोर्ट उघडून तारीख बघतो. वडील गेलेत आणि हा तारीख बघतोय, याची त्याला लाज वाटते. ही भावनाच आहे की! 'डोळ्यांतून घळघळा पाणी' यापेक्षा कितीतरी खरी.

आणखी एक गफलत नेहमी दिसते. ग्रीनकार्डाचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, प्रलंबित असताना 'ॲडव्हान्स परोल' (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देश सोडला तर सर्वसाधारणपणे अर्ज सोडून दिला असं धरतात. पण वैध एच-१बी किंवा एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) असणाऱ्याला त्यातून सूट आहे. या फरकाने कथेतलं संकट खरं ठरतं किंवा खोटं.

रानमेवा

खडूफळा, एच-४ वरही लिहा. लग्न करून गेलेल्या बायकांवर मराठीत सर्वाधिक लिहिलं जातं आणि तपशील तिथेच सर्वाधिक चुकतात.

खडूफळा

एच-४ म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा आणि २१ वर्षांखालच्या मुलांचा परवाना. शिक्षण घेता येतं, गाडीचं लायसन्स निघतं, संयुक्त बँक खातं उघडतं. पगारी काम चालत नाही. मे २०१५ पासून काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, पण साधारणपणे नवऱ्याचा (किंवा बायकोचा) आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीनकार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच. तेव्हा २००५ सालच्या कथेत एच-४ वरची नायिका कंटाळा आला म्हणून दुकानात नोकरी धरते, हे होऊच शकत नाही. पगाराचं काम 'फुकट करते' म्हटलं तरी ते नियमबाह्य ठरू शकतं.

इंजिनियर किंवा डॉक्टर बाई, स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून क्रेडिटचा इतिहास नाही, म्हणून साधा फोनचा करारही नवऱ्याच्या नावावर. अशा बाईचं घरातलं भांडण लिहायचं तर हे सगळं त्या भांडणात बोललं जातं.

मुलांचंही तेच. रोजगारावर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि एका देशाच्या लोकांना त्यातली साधारण ७ टक्के. भारतीयांची रांग इतकी लांब की दोन-तीन वर्षांचं असताना आलेलं मूल रांगेतच २१ चं होतं आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग त्याने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा. तिथेच वाढलेल्या मुलाला तिथल्याच विद्यापीठात परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करावा लागतो. यावर मराठीत कादंबरी यायला हवी.

कोकणकडा

सगळी चर्चा न्यू जर्सीतच अडकलीय. मंडणगड, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातून पिढ्यान्पिढ्या माणसं आखातात जातायत. मराठी कथेत ती औषधालाही सापडत नाहीत. मल्याळममध्ये मात्र बेन्यामिन यांनी २००८ मध्ये 'आडुजीवितम्' लिहिलं. सांजवात, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सर्वांत चोख उत्तर ही कादंबरी.

नजीब सौदीला उतरतो आणि विमानतळावर एक माणूस, म्हणजे अरबाब, त्याला गाडीत घालून वाळवंटात शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्यावर नेतो. तो आपला मालकच, असं नजीब धरून चालतो. खूप हाल सोसून पळून येतो, तुरुंगात पोचतो. तिथे ठरावीक दिवशी मालक येतात, ओळींतून फिरतात आणि आपापला पळालेला माणूस ओळखून परत नेतात. नजीबचा अरबाब त्याच्यासमोर येऊन उभा राहतो आणि तसाच निघून जातो. नंतर कळतं, नजीब त्याच्या व्हिसावर नव्हताच, नाहीतर फरफटत नेला असता. इतकी वर्षं ज्याची गुलामी केली त्याचा कागदावर काही हक्कच नव्हता. कफाला, म्हणजे कामगाराचा परवाना एका मालकाशी बांधणारी पद्धत, कशी चालते हे यापेक्षा कमी शब्दांत कोणी सांगितलेलं नाही.

मार्च २०२१ मध्ये सौदीने नोकरी बदलण्याचे आणि देश सोडण्याचे नियम सैल केले तेव्हा घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे नजीबसारख्यांनाच.

दर्यावर्दी

कोकणकडा, आखातावर लिहू पाहणाऱ्यांसाठी थोडी भर. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो आणि आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायला त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. १९८३ च्या कायद्याखाली परवाना असलेला एजंट सेवाशुल्क म्हणून कामगाराकडून फार तर ३०,००० रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट घेतात, पावती ३०,००० चीच देतात.

फसवणूक दोन ठिकाणी होते. एक, परवानगी टाळण्यासाठी व्हिजिट व्हिसावर पाठवतात. तिथे उतरल्यावर माणूस बेकायदा कामगार ठरतो आणि तक्रारीचं तोंडच राहत नाही. दोन, मुंबईत सही केलेला करार तिथे बदलतो. नवा कागद अरबीत असतो, पगार कमी, काम वेगळं. पळून गेला तर मालक 'हुरूब' नोंदवतो, म्हणजे फरार. मग इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि घरी परतायचं तरी आधी तो डाग पुसावा लागतो.

घरच्या बाजूचं कर्ज विसरू नका. बायकोचे दागिने, सोसायटीचं कर्ज, मेहुण्याचे हातउसने. पहिल्या वर्षाचा पगार त्यातच जातो, म्हणून छळ झाला तरी माणूस पहिल्या वर्षी परतत नाही. 'तो सोडून का येत नाही?' या वाचकाच्या प्रश्नाला लेखकाकडे आकड्यांत उत्तर हवं.

टाकदौत

दुबईच्या मजुराला व्हॉट्सॲपवर घरच्यांशी व्हिडिओ कॉल करताना दाखवणारे बरेच आहेत. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल बंद ठेवलेत. मेसेज जातात, कॉल लागत नाही. लोक बोटिमसारखी मान्यताप्राप्त ॲप वापरतात.

रानमेवा

फोनवरूनच कथेचा काळ पकडता येतो. सत्तरच्या दशकात निळं एरोग्राम पत्र, पोचायला दहा-पंधरा दिवस, आणि फोन फक्त वाईट बातमीचा. नव्वदीच्या अखेरीस कॉलिंग कार्ड: नाणं घासून पिन काढायचा, कार्डावर छापलेली मिनिटं कधीच पुरी मिळत नसत, कारण जोडणीचे पैसे वेगळे कापले जात आणि काही दिवस न वापरलं तरी शिल्लक घटे. त्यामुळे लोक एकाच दमात सगळ्या घराशी बोलत आणि फोन एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राही. संवाद लिहिताना हे कामाला येतं.

वकिलातीचंही तसंच. १९९८ च्या कथेत अमेरिकन व्हिसाची रांग ब्रीच कँडीला, लिंकन हाऊसबाहेर हवी. नोव्हेंबर २०११ नंतरच्या कथेत वांद्रे-कुर्ला संकुलात.

बखर

रानमेवा, छान. मागे जायचं तर गिरमिटियांपर्यंत, म्हणजे करारावर वसाहतींत नेलेल्या मजुरांपर्यंत, जावं लागेल. अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मध्ये १८३८ साली मॉरिशसला निघालेल्या आयबिस जहाजासाठी नावनोंदणी होते तेव्हा कलुआ या मजुराचं नाव विचारतात. उत्तर 'मधू', बापाचं नाव 'कलुआ'. इंग्रज ऐकतो तसं लिहितो: 'मॅडो कोल्व्हर'. पुढे वंशजांचं आडनाव कोल्व्हर. कारकुनाच्या टाकातून आडनावं जन्माला येणं हे गिरमिटिया वसाहतींत सर्रास घडलेलं आहे.

मराठी माणसाचा इथे खरा संबंध आहे. मुंबई बंदरातूनही मजूर मॉरिशसला गेले आणि त्यांत रत्नागिरीकडचे होते. आजही तिथे शाळांतून मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुनी नोंदणीपुस्तकं आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. कादंबरीकाराला याहून चांगला कच्चा माल कुठला?

मजुरीचा हिशेब मात्र वसाहतीप्रमाणे बदलतो, तो एकमेकांत मिसळू नये. मॉरिशसमध्ये 'डबल कट' होता, एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांची मजुरी कापायची. फिजीत पाच वर्षांचा करार, पुरुषाला ठरवून दिलेल्या कामाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स, आणि दहा वर्षं भरली तरच फुकट परतीचा प्रवास. 'पाच वर्षांनी परत येतो' असं सांगून गेलेला माणूस का आला नाही, त्याचं उत्तर या मधल्या पाच वर्षांत आहे. मॉरिशसच्या मजुरांवर तिथल्याच अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' (१९७७) ही हिंदी कादंबरी जरूर वाचा.

गलबत

पूर्व आफ्रिका राहिली. पीटर नाझरेथ हे गोव्याच्या वंशाचे युगांडाचे लेखक. त्यांची 'इन अ ब्राउन मँटल' १९७२ मध्ये आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. या काळावर लिहिणाऱ्याने कुटुंबातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, याची यादी आधी करावी. एकाच घरात बाप ब्रिटिश, आई भारतीय, मुलगा युगांडाचा, अशी स्थिती असे. त्यातही १९६८ च्या ब्रिटिश कायद्यामुळे नुसत्या ब्रिटिश पासपोर्टावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळत नव्हता, ठरावीक संख्येने दिलं जाणारं प्रवेशाचं व्हाउचर लागे. घर कसं फुटलं ते या यादीतून दिसतं.

पानगळ

एवढं सगळं वाचून मी थोडी मागे सरकतेय, पूर्ण नाही. संजीव सहोता यांच्या 'द इयर ऑफ द रनअवेज' (२०१५) मध्ये हे दोन्ही जमलंय म्हणून सांगते. रणदीप लग्नाच्या व्हिसावर शेफील्डला आलेला. नरिंदर कागदोपत्री बायको, राहते वेगळी. तपासणीला अधिकारी आले तर नवरा-बायको एकत्र राहतात असं दिसावं म्हणून तो आपल्या कपड्यांची बॅग तिच्या फ्लॅटवर ठेवतो. अवतार विद्यार्थी व्हिसाच्या पैशांसाठी मूत्रपिंड विकतो. यात कुठेही नियम समजावून सांगितलेले नाहीत. परक्या बाईच्या घरात ठेवलेले आपले कपडे, एवढंच. माझं म्हणणं इतकंच की तपशील असा वस्तूतून यावा, माहितीपत्रक म्हणून नको.

खडूफळा

पानगळ, शंभर टक्के मान्य.

टाकदौत

जरा विषयांतर. रोहिंटन मिस्त्रींची 'स्क्वॉटर' आठवते का? कॅनडात दहा वर्षं काढूनही त्या मुंबईकर पारशाला कमोडवर बसून जमत नाही, वर चढूनच बसावं लागतं! पोट धरून हसवते आणि शेवटी घशाशी येते. शरीर नागरिकत्व घेत नाही, हे इतक्या खेळकरपणे दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही.

रानमेवा

टाकदौत :) आणि खाण्याचं म्हणाल तर 'नेमसेक'च्या पहिल्याच पानावर आशिमा राईस क्रिस्पीज, खारे दाणे, कांदा, मीठ, लिंबू, हिरवी मिरची कालवते आणि मोहरीचं तेल नाही म्हणून हळहळते. आपल्या कथांत मात्र १९७० सालीही ताजा कढीपत्ता हजर! काय मिळत नव्हतं ते लिहा, म्हणजे काळ आपोआप उभा राहतो.

शिलालेख

मागे राहिलेल्यांचा मुद्दा घेऊ का? जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'पासून अमेरिकेतला मुलगा आणि इथले म्हातारे आईबाप हा आपला हुकमी विषय. पण वडिलांच्या पश्चात फ्लॅट आणि जमीन यांचं काय होतं, ते लिहिताना हमखास चुका होतात. 'मुलगा आला आणि आठवड्यात सगळं विकून गेला' हे शक्य नाही.

आधी वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर नाव. वारसाने आलेली शेती अनिवासी भारतीय ठेवू शकतो, पण नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मुलाला यायचं नसेल तर मुखत्यारपत्र: तिकडे नोटरी, मग अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारं प्रमाणपत्र) किंवा वकिलातीचा शिक्का, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क. फ्लॅट घेणारा अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस सहसा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापतो. तो टाळायला प्राप्तिकर खात्याकडून आधी कमी दराचा दाखला आणावा लागतो. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) जमा होतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर जातात.

इथल्या भावाने मुखत्यार म्हणून सही करायची, तिकडच्याने रात्री जागून कागद तपासायचे, यातून भावाभावांत जे येतं ते नाटकाचं खरं द्रव्य.

एकपात्री

सांजवात, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या लिहायच्या कथेत नायकाची नोकरी जाते. साल २०२४, एच-१बी, बायको एच-४, मुलगी नववीत. त्याच्यासमोर नेमके कोणते मार्ग असतात?

खडूफळा

एकपात्री, ६० दिवस. ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात, भरपाईचा शेवटचा चेक आला तेव्हापासून नाही. आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. नियमित पगार मिळत राहून पुढची तारीख दिलेली असेल तर ती तारीख धरतात, म्हणून पहिला वाद एचआरशी शेवटच्या तारखेवरून होतो.

या काळात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं. कंपनी नाही मिळाली तर मुदतीच्या आत पर्यटक म्हणून स्थिती बदलण्याचा अर्ज करतात. तो प्रलंबित असताना देशात थांबता येतं, पण कमाई शून्य. बायकोचा स्वतंत्र एच-१बी असता तर हा तिच्यावर एच-४ झाला असता. तुमच्या कथेत ते नाही, उलट त्याची स्थिती गेली की तिची आणि मुलीचीही जाते. तिच्याकडे कामाचा परवाना असला तरी तो यावरच टांगलेला.

नोकरी साधारण नोव्हेंबरात घालवा. मुदत शाळेच्या सत्राच्या मधोमध संपते, आणि मुलीला काय नि कधी सांगायचं हा प्रश्न घरात येतो. भाडेकरार मोडण्याचा दंड आणि गाडीचं कर्जही त्याच आठवड्यांत.

एकपात्री

आणि ग्रीनकार्डाची रांग? पहिल्यापासून सुरू?

खडूफळा

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर जुन्या कंपनीने अंग काढून घेतलं तरी रांगेतली तारीख टिकते. नवी कंपनी नवा आय-१४० करते, तारीख जुनीच लागते. १८० पुरे झाले नसतील तर कंपनी तो मागे घेऊ शकते. मागे घेतल्यावर तारीख सहसा टिकते, पण त्याच आय-१४० च्या आधाराने एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढची मुदतवाढ मागता येत नाही. नायकाला सहावं वर्ष चालू ठेवा आणि आय-१४० ला १७० दिवस झालेले ठेवा. मग तो एचआरला काय विनंती करेल ते तुम्हीच लिहा.

सांजवात

एकपात्री, त्या दहा दिवसांवरच कथा लिहा. पूर्ण झाली की याच धाग्यावर दुवा द्या, आणि कोकणकडा-दर्यावर्दी, आखातावरच्या कथेसाठी तुम्ही दोघांनी वेगळा धागा काढावा अशी विनंती.

दर्यावर्दी

काढतो. सुरुवात एजंटच्या पावतीपासून.